संविधान घरी वाचायचंय? सुरुवात कुठून करायची, कसं वाचायचं आणि वाचलेलं वापरायचं कसं

हे त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांना भारताचं संविधान खरंच वाचायचंय, पण पुस्तक उघडलं की पाच-सहा पानांनंतर गाडी अडते. असे लोक खूप आहेत. वकील नाहीत, एमपीएससीची तयारी करणारेही नाहीत, शिक्षक आहेत, आशाताई आहेत, ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायका आहेत, रिटायर झालेले काका आहेत, कॉलेजची पोरं आहेत. शाळेत बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच प्रास्ताविका छापलेली असायची त्यामुळे "आम्ही, भारताचे लोक" बहुतेकांना पाठ आहे, पण त्याच्या पुढे काय आहे ते उघडून बघायची वेळच येत नाही, आणि मग व्हॉट्सॲपवर कोणी कुठल्याही कलमाच्या नावाने काहीही पाठवलं की ते खरं वाटायला लागतं.

दुसरं एक वाक्य सारखं कानावर येतं. ते १९४९ सालचं आहे, काळ बदलला, आज त्याचा काय उपयोग. हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचं उत्तर भाषणातून मिळत नाही आणि संविधान पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचूनही मिळत नाही. माझं सांगणं एवढंच आहे की आपल्या जगण्याशी संबंध असलेलं एक कलम घ्यायचं आणि त्याचं पूर्ण आयुष्य वाचायचं. म्हणजे ते कशातून आलं, संविधानसभेत त्यावर काय बोलणं झालं, नंतर कुठे बदललं, कोर्टाने त्याचा काय अर्थ लावला, आणि आज आपल्या गावात, आपल्या वॉर्डात ते कुठे लागू पडतं. अशी चार-पाच कलमं नीट झाली की बाकीचं पुस्तक आपोआप उघडायला लागतं.

आधी प्रत नीट घ्या

गाईड किंवा परीक्षेच्या नोट्सवरून सुरुवात करू नका, मूळ मजकूरच घ्या. केंद्र सरकारच्या विधायी विभागाच्या वेबसाइटवर संविधानाची पीडीएफ फुकट मिळते, आणि महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेली 'भारताचे संविधान' ही मराठी प्रत शासकीय ग्रंथागारात मिळते, मुंबईत चर्नी रोडला आहे ते. मराठी प्रत वाचायला आणि इंग्रजी प्रत शेजारी ताडून बघायला, अशा दोन्ही ठेवा, कारण मराठी मजकूर थोडा जड आहे आणि काही ठिकाणी इंग्रजी वाक्य वाचलं की अर्थ पटकन लागतो. उलटही होतं.

प्रत कुठल्या तारखेपर्यंत अपडेट आहे ते आधी बघा. २०२३ ला १०६ वी घटनादुरुस्ती झाली, लोकसभा आणि विधानसभांमध्ये महिलांना एक तृतीयांश जागा देणारी, ती तुमच्या प्रतीत आहे का ते तपासलं तरी प्रत किती ताजी आहे हे कळतं. आणि एक छोटी गोष्ट जिथे सगळे अडकतात: बातम्यांत ज्याला 'कलम २१ ए' म्हणतात ते मराठी प्रतीत 'अनुच्छेद २१क' म्हणून सापडेल. अनुच्छेद म्हणजेच कलम, आणि ए, बी, सी च्या जागी क, ख, ग.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही. पानाच्या तळाला जी बारीक अक्षरातली टीप असते ती सोडू नका. मजकुरात चौकोनी कंस दिसला की समजायचं की आतला भाग नंतर घातलाय किंवा बदललाय, आणि तळाच्या टिपेत कुठल्या दुरुस्तीने, कुठल्या तारखेपासून ते लिहिलेलं असतं. प्रास्ताविकेतच बघा. 'समाजवादी धर्मनिरपेक्ष' हे शब्द कंसात आहेत आणि खाली ४२ वी दुरुस्ती, १९७६, अंमल ३ जानेवारी १९७७ पासून, असं आहे. म्हणजे आणीबाणीतली भर. हे शब्द मुळात नव्हते हे खरं, पण लगेच निष्कर्षावर उडी मारू नका, तसंच पुढे २५ ते २८ कलमांवर जा, धर्मस्वातंत्र्याची ती कलमं १९५० पासूनच आहेत, आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालात, म्हणजे ही दुरुस्ती व्हायच्या आधी, राज्याचं धर्मनिरपेक्ष स्वरूप संविधानाच्या मूळ चौकटीचा, म्हणजे संसदेलाही मोडता येत नाही अशा गाभ्याचा, भाग म्हणून मोजलेलं आहे. ज्यांना या वादात कुठलीही बाजू घ्यायचीय त्यांनी आधी एवढा प्रवास करावा असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या भागापासून वाचू नका

भाग १ म्हणजे राज्यं आणि त्यांच्या सीमा, भाग २ नागरिकत्व, पुढे राष्ट्रपती, संसद, तिथले नियम, पैशांची विधेयकं. यात बहुतेक जणांचा दम जातो. त्यापेक्षा असं करा: प्रास्ताविका, मग सरळ भाग ३ (कलम १२ ते ३५, मूलभूत हक्क), मग भाग ४ (मार्गदर्शक तत्त्वं) आणि ४क (मूलभूत कर्तव्यं), मग भाग ९ पंचायती किंवा शहरात राहत असाल तर ९क नगरपालिका, आणि मग सुटी कलमं २२६, ३००क, ३५०, ३५०क आणि ३६८. बाकीचं जेव्हा बातमीत येईल तेव्हा. राज्यपालांनी विधेयक अडवून ठेवलंय अशी बातमी आली की २०० वाचा, राष्ट्रपती राजवटीची चर्चा सुरू झाली की ३५६ वाचा, त्या दिवशी ते जिवंत असतं आणि डोक्यात राहतं.

प्रास्ताविका मात्र घाईने नको. पाठ असल्यामुळे आपण ती ऐकतच नाही. एकदा हळू वाचा आणि कोण कोणाला काय देतंय एवढंच बघा. देणारे आम्ही, घेणारेही आम्हीच. राजाने दिलेली सनद नाही आणि ब्रिटिश पार्लमेंटने केलेला कायदाही नाही. हे असंच असावं की नाही यावर संविधानसभेत मतदान झालंय. १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामत यांनी सुरुवातीला 'ईश्वराच्या नावाने' असे शब्द घालावेत अशी दुरुस्ती मांडली, बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मतं पडली आणि ती फेटाळली गेली. विरोध करणाऱ्यांत श्रद्धाळू माणसंही होती, त्यांचं म्हणणं होतं की श्रद्धा ही ज्याची त्याची गोष्ट, ती सगळ्यांच्या नावाने लादायची नाही. त्या दिवसाची चर्चा जरूर वाचा, फार लांब नाहीये.

एक कलम पूर्ण वाचणं म्हणजे काय: १५(२)

मी नेहमी याच कलमापासून सुरुवात करायला सांगतो कारण त्याचं मूळ आपल्याकडे रायगड जिल्ह्यात महाडला आहे.

कलम १५ मध्ये पहिलं पोटकलम राज्याला उद्देशून आहे, की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव करायचा नाही. दुसरं पोटकलम वाचलं की थोडं थांबायला होतं, कारण तिथे एकदम दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं येतात आणि मग विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहीर आणि तलाव कशाला? तर १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव पास करून घेतला की सरकारी पैशाने चालणारी पाणवठ्याची ठिकाणं, शाळा, दवाखाने अस्पृश्यांनाही खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ ला तसा ठराव करून चवदार तळं कागदावर खुलं केलं. कागदावरच. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, सवर्णांनी कोर्टात दावा घातला की तळं खासगी आहे, आणि तो वाद मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला संपला, आंबेडकरांच्या बाजूने. दहा वर्षं. पाणी पिण्यासाठी.

हे डोक्यात ठेवून परत १५(२) वाचा. राज्याच्या पैशातून पूर्ण किंवा अंशतः चालवलेल्या, किंवा लोकांच्या वापरासाठी दिलेल्या, असे शब्द आहेत. ज्या पळवाटेवरून महाडचा खटला चालला, की हे सार्वजनिक आहे का खासगी, ती पळवाट बुजवायला प्रत्येक शब्द आलाय असं वाटतं वाचताना.

पुढची पायरी, संविधानसभेची चर्चा. २९ नोव्हेंबर १९४८. एस. नागप्पा यांनी विचारलं की 'दुकान' म्हणजे काय काय, न्हाव्याचं आणि धोब्याचं दुकान यात येतं का. आंबेडकरांनी सांगितलं की शब्द व्यापक अर्थाने वापरलाय, जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो तो सगळा यात आला. खेड्यात केस कापायला नकार मिळणं काय असतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा प्रश्न किती खरा होता हे वेगळं सांगायला नको. पुढे सुप्रीम कोर्टानेही २०११ मध्ये एका खासगी कॉलेजच्या प्रवेशाच्या प्रकरणात 'दुकान' शब्दाचा अर्थ लावताना आंबेडकरांच्या याच उत्तराचा आधार घेतला.

आणि त्याच २९ नोव्हेंबर १९४८ ला अस्पृश्यता बंद करणारं कलम, आजचं १७ वं, संविधानसभेने मंजूर केलं. या दोन्ही कलमांचं वैशिष्ट्य असं की ती फक्त सरकारविरुद्ध नाहीत, खासगी माणसाविरुद्धही चालतात. त्यांच्या अंमलासाठी नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ आणि ॲट्रॉसिटी कायदा १९८९ आहे. म्हणजे आज कुठे मंदिराबाहेर, पाणवठ्यावर, हॉटेलात वेगळा कप ठेवून कोणाला अडवलं तर तक्रार पोलीस स्टेशनला या कायद्यांखाली जाते, पण तिचं मूळ इथे आहे. एक कलम पूर्ण वाचणं म्हणजे हे. दोन-तीन संध्याकाळी जातील, जाऊ द्या.

'परंतु' कडे लक्ष ठेवा

बहुतेक हक्कांना मर्यादा जोडलेली असते आणि भांडणं सगळी तिथेच होतात. १९(१)(क) म्हणतं भाषण-अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, खालीच १९(२) मध्ये त्यावरची बंधनं, अब्रूनुकसानी, कोर्टाचा अवमान, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. तळटीप बघा, १९५१ च्या पहिल्याच दुरुस्तीने 'सार्वजनिक सुव्यवस्था' आत आली पण त्याबरोबर बंधन 'वाजवी' असलं पाहिजे हा शब्दही आला. त्यामुळे सरकार बंधन घालू शकतं, पण ते वाजवी आहे की नाही हे कोर्ट तपासू शकतं. फक्त पहिलं वाक्य वाचणारा म्हणतो मला काहीही बोलता येतं, फक्त दुसरं वाचणारा म्हणतो काहीच बोलता येत नाही. दोघांनीही अर्धंच वाचलेलं असतं.

कोणाविरुद्ध, हे आधी ठरवा

यात खूप लोकांची निराशा होते म्हणून स्पष्ट लिहितो. मूलभूत हक्क मुख्यतः 'राज्या'विरुद्ध आहेत, आणि राज्य म्हणजे काय ते कलम १२ सांगतं: केंद्र, राज्य सरकार, महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, सरकारी महामंडळं. खासगी कंपनीने नोकरीवरून काढलं, हाउसिंग सोसायटीने त्रास दिला, नातेवाइकांनी जमीन बळकावली, यात थेट कलम १४ (कायद्यापुढे समानता) घेऊन जाता येत नाही, त्यासाठी त्या-त्या विषयाचा कायदा बघावा लागतो. अपवाद वर सांगितले, १५(२) आणि १७, शिवाय २३ (वेठबिगारी, मानवी व्यापार) आणि २४ (कारखान्यात, खाणीत १४ वर्षांखालची मुलं). आपल्याकडे जात पंचायतींच्या बहिष्काराचं उदाहरण आहे. वाळीत टाकलेल्या कुटुंबाला संविधान माहीत असूनही हातात काही नव्हतं, म्हणून महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा वेगळा कायदा करावा लागला. संविधानातलं मूल्य आणि रोजच्या वापराचा कायदा यातलं हे नातं समजलं की मग योग्य दार ठोठावता येतं.

कलम २१: एवढंसं कलम, केवढं मोठं आयुष्य

एका वाक्याचं कलम आहे. कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कोणाचाही जीव किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. १९५० मध्ये ए. के. गोपालन खटल्यात सुप्रीम कोर्टाने याचा अगदी आखूड अर्थ लावला, कायदा आहे ना, मग झालं. आणीबाणीत तर एप्रिल १९७६ ला कोर्टाने बहुमताने सांगितलं की अटक झालेल्याला कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही, न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात राहिले आणि पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला गेलं. मग १९७८ मध्ये दोन गोष्टी झाल्या. मेनका गांधी यांच्या पासपोर्टच्या खटल्यात कोर्ट म्हणालं की पद्धत नुसती असून चालत नाही, ती न्याय्य आणि वाजवी पाहिजे, आणि ४४ व्या दुरुस्तीने संसदेने असं केलं की आणीबाणीतही कलम २० आणि २१ गोठवता येणार नाहीत. हा बदल लोकांनी १९७७ ला मतपेटीतून घडवून आणला, हे विसरू नका.

१९८५ चा मुंबईच्या फुटपाथवासीयांचा निकाल (ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका) मराठी माणसाने तरी वाचलाच पाहिजे. पोट भरण्याचं साधन काढून घेतलं तर जगणंच काढून घेतलं, म्हणून उपजीविका कलम २१ मध्ये येते, असं पाच न्यायाधीशांनी सांगितलं. आणि त्याच निकालात, रीतसर नोटीस देऊन झोपड्या काढायला परवानगीही दिली. दोन्ही वाचा. फक्त पहिला अर्धा सांगणारे पुष्कळ भेटतात, पण ज्याचं घर जाणार आहे त्याला दुसरा अर्धा माहीत असणं जास्त गरजेचं आहे.

आणि प्रायव्हसी. डिसेंबर १९४८ ला सी.पी. अँड बेरारचे (मध्य प्रांत-वऱ्हाड) काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधानसभेत सूचना मांडली होती की घराची, कागदपत्रांची वाटेल तशी झडती घेता येऊ नये हे संविधानातच लिहावं. ती शेवटी संविधानात आली नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. जी गोष्ट लिहायची राहिली होती ती जवळजवळ सत्तर वर्षांनी आत आली, आणि आली ती याच एका वाक्याच्या कलमातून.

फॉरवर्ड आला की काय करायचं

पुस्तक उघडून कलम शोधायचं, बस. एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय की कलम ३० मुळे मदरशात कुराण शिकवता येतं पण '३०ए' मुळे शाळेत गीता शिकवता येत नाही. पुस्तकात बघा, ३०क नावाचं कलमच नाही. जे आहे ते २८(१), पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शैक्षणिक संस्थेत कुठल्याच धर्माचं धार्मिक शिक्षण देता येत नाही, सगळ्यांना सारखंच.

आरक्षणावर तर आपल्याकडे रोज चर्चा असते. "दहा वर्षांसाठीच होतं" हे वाक्य शंभरदा ऐकलं असेल. कलम ३३४ वाचा. दहा वर्षांची मुदत लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांना होती, ती दर वेळी वाढत गेली आणि २०२० च्या १०४ व्या दुरुस्तीने आता अनुसूचित जाती-जमातींसाठी ८० वर्षं, म्हणजे २०३० पर्यंत आहे. शिक्षण आणि नोकरीतलं आरक्षण १५(४) आणि १६(४) मधून येतं, तिथे मुदत लिहिलेलीच नाही. आणि "पन्नास टक्के मर्यादा संविधानात आहे" हेही तसंच, ती घालून देणारं कलम सापडणार नाही, १६(४ख) मध्ये तिचा नुसता उल्लेख आहे, ती मर्यादा १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातून आली. तुमचं मत काहीही असो, काय मजकुरात आहे आणि काय निकालातून आलंय एवढं वेगळं करता आलं की निम्मा आरडाओरडा तिथेच थांबतो.

संविधानसभेच्या चर्चा आणि निकाल कसे शोधायचे

चर्चा लोकसभेच्या डिजिटल लायब्ररीत इंग्रजीत मिळतात. मोठं काम वाटतं, पण सगळं वाचायचं नसतं. अडचण एकच, मसुद्यात कलमांचे नंबर वेगळे होते, आजचं १५ तेव्हा ९ होतं आणि १७ तेव्हा ११. म्हणून नंबर टाकून शोधू नका, विषयाचा शब्द टाका. तीन भाषणं मात्र पूर्ण वाचा: १३ डिसेंबर १९४६ चं नेहरूंचं उद्दिष्टांच्या ठरावावरचं, ४ नोव्हेंबर १९४८ चं आंबेडकरांचं मसुदा मांडतानाचं, आणि २५ नोव्हेंबर १९४९ चं त्यांचं समारोपाचं. शेवटच्यात ते म्हणतात की २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरतोय, राजकारणात समानता आणि सामाजिक-आर्थिक आयुष्यात विषमता. संविधान कितीही चांगलं असलं तरी राबवणारे वाईट निघाले तर ते वाईट ठरेल, हेही त्यातच आहे, आणि व्यक्तिपूजेबद्दलचा इशाराही.

निकालांसाठी सुप्रीम कोर्टाची ई-एससीआर ही सोय फुकट आहे, काही निकालांची मराठी भाषांतरंही कोर्टाच्या साइटवर आहेत. इंडियन कानून या वेबसाइटवर शोध सोपा जातो. केशवानंद भारतीसारखा १३ न्यायाधीशांचा निकाल पूर्ण वाचायला जाऊ नका, ३६८ (संविधान दुरुस्तीचं कलम) वाचा आणि एवढं लक्षात ठेवा की २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा अशा फरकाने ठरलं की संसद दुरुस्ती करू शकते पण मूळ चौकट मोडू शकत नाही. एका मताच्या फरकाने.

आता वापर

ग्रामसभा. कलम ४० ची गोष्ट फार सुंदर आहे. ४ नोव्हेंबरच्या भाषणात आंबेडकरांनी गावावर कडक टीका केली होती, मसुद्यात पंचायती नव्हत्या, सभासद नाराज झाले, आणि २२ नोव्हेंबर १९४८ ला के. संथानम यांच्या दुरुस्तीने पंचायती मार्गदर्शक तत्त्वांत आल्या, जी कोर्टातून वसूल करता येत नाहीत (कलम ३७). पुढे ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि ग्रामसभा, निवडणुका, महिलांच्या जागा हे सगळं बंधनकारक झालं. अनुसूचित क्षेत्रांसाठी, म्हणजे ठरवून दिलेल्या आदिवासी भागांसाठी, १९९६ ला पेसा हा पंचायतींचा कायदा आला, २००६ ला वनहक्क कायदा, आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. आंबेडकरांची टीकाही विसरू नका, गावातले दांडगे लोक ग्रामसभा ताब्यात घेतात हे आजही घडतं, म्हणून ग्रामसभेआधीच्या महिला सभेचा इतिवृत्तात उल्लेख झाला का, कोरम होता का, ठराव वाचून दाखवला का, हे विचारत राहा. ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास असते, त्या लिहून ठेवा, आणि जाण्याआधी अकरावी अनुसूची वाचून जा, पंचायतीच्या २९ विषयांची यादी तिथे आहे.

माहिती अधिकार. १९(१)(क) चा हा सगळ्यात हातात येणारा भाग. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, १५० शब्दांच्या आत, आणि ३० दिवसांत उत्तर. नाही आलं तर पहिलं अपील. अर्जात कलमांची भाषणं लिहू नका, कुठला कागद हवाय ते लिहा.

अटक. कलम २२ घरातल्या प्रत्येकाला माहीत असलंच पाहिजे. अटकेचं कारण सांगणं, वकिलाला भेटू देणं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला (गुन्हा घडू नये म्हणून आधीच आत ठेवणं) हे जसंच्या तसं लागू नाही, तेही त्याच कलमात पुढे आहे. वकील परवडत नसेल तर ३९क. तालुका आणि जिल्हा कोर्टात विधी सेवा कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि हे मागताना अजिबात संकोच करू नका.

हायकोर्ट. सगळे ३२ चं, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टात जाण्याच्या कलमाचं, नाव घेतात कारण आंबेडकरांनी त्याला संविधानाचा आत्मा म्हटलं, पण सामान्य माणसाला हायकोर्टात जाण्याचं २२६ जास्त जवळचं. मूलभूत हक्कांशिवाय इतर कायदेशीर हक्कांसाठीही चालतं, आणि मुंबईशिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), गोवा इथे खंडपीठ आहे, २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच.

भाषा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी लोकांनी, बेळगावपासून इंदूरपर्यंत, ३५०क आधी वाचावं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने केला पाहिजे असं ते सांगतं, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलं. २९ आणि ३० त्याच्याबरोबर वाचा. गोव्यातल्यांनी ३७१झ च्या आसपासची पानं चाळावीत, राज्यनिहाय खास तरतुदी तिथे आहेत, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी ३७१(२), विकास मंडळांची जबाबदारी राज्यपालांवर का आणि कशी आहे ते.

एकट्याने होत नसेल तर

पाच-सात जण जमवा. वाचनालय, समाजमंदिर, अंगणवाडीची खोली, कुठेही. एका बैठकीत एकच कलम. एकाने मराठी मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तळटीप, तिसऱ्याने चर्चेतला एक उतारा, आणि मग प्रत्येकाने आपल्या परिसरातली एक घटना सांगायची जिथे हे लागू पडलं किंवा पडायला हवं होतं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही बोलवा, घटना सांगायला अक्षरओळख लागत नाही. पक्षाचं नाव घेऊन कोणी बोलायला लागला तर शांतपणे "कलमात कुठे आहे ते दाखवा" म्हणा.

पहिलं कलम कुठलं घ्यायचं हे जमलेल्या माणसांवर ठरवा. शिक्षक-पालक जास्त असतील तर २१क, सहा ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण, २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने आलेलं. पत्रकार, यूट्यूब चॅनलवाली पोरं असतील तर १९. गावात हायवे, धरण, एमआयडीसीसाठी जमिनी जाणार असतील तर वेळ न घालवता ३००क घ्या: मालमत्ता पूर्वी मूलभूत हक्क होता, ४४ व्या दुरुस्तीने तो २० जून १९७९ पासून भाग ३ मधून काढला, पण कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता घेता येणार नाही हे ३००क ने कायम ठेवलं. त्यामुळे मोजणीला माणसं आली की पहिला प्रश्न कुठल्या कायद्याखाली आणि कुठल्या कलमाखाली ही अधिसूचना आहे, तो लेखी विचारायचा, आणि उत्तराची पोच घेऊन सातबाराच्या फाइलमध्ये लावून ठेवायची.